मुक्तिदिनाच्या भाषणात न आलेला एक कायदा

परवा १७ सप्टेंबरला आमच्या तालुक्याच्या गावी ध्वजारोहण झाले. भाषणांत रझाकार आले, स्वामी रामानंद तीर्थ आले, पोलीस कारवाई आली, आणि ते सारे यायलाच हवे. दागिने चुलीखाली पुरून रातोरात गाव सोडल्याची गोष्ट आमची आजी शेवटपर्यंत सांगत असे. मात्र त्याच निजामी राज्यात १३२९ फसली, म्हणजे १९१९ मध्ये, तृतीयपंथीयांविरुद्ध एक कायदा झाला होता, हे मी आजवर एकाही भाषणात ऐकलेले नाही.

हैदराबाद शहरातील आणि सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणच्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवावी, असे तो कायदा सांगत होता. त्या वहीत नाव चढलेल्या माणसाने साडी नेसून, दागिने घालून रस्त्यावर दिसणे, गाणे किंवा नाचणे हाच गुन्हा. त्यासाठी वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. याचा आदला नमुना इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सापडतो. पारध्यांमुळे तो आपल्याला ठाऊक असतो, पण त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांसाठीच होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते. निजामाची सत्ता १९४८ मध्ये संपली. हा कायदा मात्र शेजारच्या तेलंगणात, उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवीपर्यंत, पुस्तकात राहिला.

जर्मनीतही असेच घडले. समलिंगी पुरुषांविरुद्धचे कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये अधिक कडक केले. त्यांच्या काळात या कलमाखाली सुमारे ५० हजार जणांना शिक्षा झाली आणि हजारोंना गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत डांबले गेले. हिटलर संपला, पण पश्चिम जर्मनीत ते कलम १९६९ पर्यंत नाझींच्याच शब्दांत टिकले. मग छावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाने आपली कहाणी सांगायची कोणाला? सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. नाझीकाळातील त्या शिक्षा रद्द व्हायला २००२ उजाडले. ज्यूंच्या संहाराशी किंवा रझाकारांनी जाळलेल्या गावांशी मी याची तुलना करीत नाही. एका दुःखाने दुसऱ्याची जागा अडवावी, हे मात्र मला पटत नाही.

परवा राष्ट्रगीताच्या वेळी फाटकाबाहेर हिरव्या साडीतील एक तृतीयपंथी ताठ उभी होती. जिलेबी वाटणारा मुलगा तिला वगळून पुढे गेला, आणि मीही त्याला हाक मारली नाही. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात बोलण्यासाठी मी पाच मिनिटे मागितली आहेत. “सर, त्या दिवशी हा विषय कशाला?” असे उत्तर आले आहे.