टोकन पंधरा मिनिटांत का संपते: एका ग्राहकाच्या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या बिलिंग आणि ऑर्डर नोंदणीच्या प्रणालीला आपण एक तारा दिला आणि त्यामागची कारणेही सविस्तर लिहिलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. सोलापुरात चाटी गल्लीपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत चादर आणि टॉवेलचे अनेक व्यापारी व कारखानदार हीच प्रणाली वापरतात आणि आपल्यासारखेच प्रश्न त्यांनाही पडू शकतात, म्हणून हे उत्तर जाहीरपणे देत आहे. आपले किंवा आपल्या फर्मचे नाव मी इथे घेणार नाही, आणि आपण स्वतः जे लिहिले आहे त्यापलीकडची आपल्या खात्यातील कोणतीही नोंद उघड करणार नाही.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या हिशेबनिसांकडील एका तरुणाने आमच्या वेब आवृत्तीतून टोकन (लॉगिन केल्यावर सर्व्हर देतो तो तात्पुरता डिजिटल परवाना) काढून ते एक्सेलला जोडले, म्हणजे रोजची बिले आपोआप तिथे यावीत. ते पंधरा मिनिटांत बंद पडले. मग त्याने ‘दुसरे, जास्त दिवस चालणारे टोकन’ वापरले, तर दुसऱ्या दिवशी ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत दुकानातील सगळे मोबाईल लॉगआउट झाले. त्याच तरुणाने ते टोकन एका संकेतस्थळावर उघडून त्यातील मजकूर आपल्याला वाचून दाखवला, तेव्हा ‘ही कसली सुरक्षा’ असे आपल्याला वाटले. शिवाय काउंटरवरील मुलाला पार्टीचे येणे दिसत नाही, आणि आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत होती तशी एकच कायमची एपीआय की (दुसऱ्या सॉफ्टवेअरला आमच्या प्रणालीतील माहिती घेऊ देणारा गुप्त संकेत) आम्ही देत नाही, अशाही तक्रारी आपण केल्या आहेत.

संक्रांतीच्या आसपास यात्रेला आलेली माणसे चादरी घेतल्याशिवाय परतत नाहीत आणि त्या दिवसांत दुकानात उभे राहायला जागा नसते, हे सोलापुरात व्यवसाय करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी प्रत्येक मोबाईलवर पुन्हा ओटीपी टाकत बसणे किती त्रासाचे असते याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही त्या दिवशी सर्व्हरने जे केले ते का केले, हे नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

आपण लॉगिन करता तेव्हा सर्व्हर दोन टोकन देतो. पहिले ॲक्सेस टोकन. बिल पाहणे, ऑर्डर नोंदवणे, भावपत्रक उघडणे अशा प्रत्येक कामासाठी ॲप आमच्या एखाद्या एंडपॉइंटला, म्हणजे सर्व्हरवरील त्या कामाच्या पत्त्याला, विनंती पाठवते आणि त्या विनंतीच्या हेडरमध्ये, एचटीटीपीएसच्या सुरक्षित मार्गाने, हे टोकन जाते. सर्व्हर दर वेळी त्याची सही, मुदत आणि ते कुणासाठी दिले आहे हे तपासतो. या प्रकाराला बेअरर टोकन म्हणतात आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६७५० या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात त्याचा वापर कसा करावा हे सांगितले आहे. त्याचा मूळ स्वभाव असा, की ते ज्याच्या हाती असेल त्याची विनंती मान्य होते. आणणारा माणूस मालक आहे की त्याने ते कुठून उचलले आहे, हे टोकनवरून कळत नाही. म्हणूनच त्याचे आयुष्य आम्ही पंधरा मिनिटांचे ठेवले आहे. दुसरे टोकन रिफ्रेश टोकन. ते फक्त नवे ॲक्सेस टोकन मागण्याच्या एकाच एंडपॉइंटवर चालते, आणि एकदा वापरले की बाद होऊन त्याच्या जागी नवे मिळते. हे सगळे ॲप स्वतःच करते, त्यामुळे ॲपमधून काम करणाऱ्याला पंधरा मिनिटांची ही मुदत जाणवतही नाही.

आता एक्सेलकडे वळू. त्या तरुणाने रिफ्रेश टोकनची प्रत काढून वापरली तेव्हा एक्सेलला नवे टोकन मिळाले. पण दुकानातील ब्राउझरकडे जुनेच टोकन राहिले आणि त्याने ते नेहमीप्रमाणे सादर केले. त्या क्षणी सर्व्हरला एवढेच दिसते की, एकदा वापरून बाद झालेले टोकन दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा आले आहे. यातला कोण खरा आणि कोण चोर हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. ओऑथ २.० या टोकन देण्याच्या पद्धतीच्या सुरक्षेविषयी जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७०० मध्येही हीच अडचण मांडलेली आहे, आणि अशा वेळी चालू असलेले रिफ्रेश टोकनही रद्द करावे असा तिथला मार्ग आहे. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन त्या खात्याची सगळ्या उपकरणांवरील लॉगिन रद्द करतो. चोरी झाली आहे असे गृहीत धरून वागणे आणि नंतर ती आपल्याच माणसाची प्रत होती असे कळणे, हा त्रास काही मिनिटांचा असतो. उलट घडले तर एकाच टॉवेलचा हैदराबादच्या पार्टीला कोणता भाव आणि बेळगावच्या पार्टीला कोणता, कुणाकडे किती येणे अडकले आहे, हे सारे आपल्या स्पर्धकाच्या हाती जाते आणि ते परत मिळवता येत नाही. त्यामुळे हा नियम आम्ही यात्रेच्या दिवसांतही शिथिल करणार नाही.

टोकन उघडून वाचता येते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. आमचे ॲक्सेस टोकन जेडब्ल्यूटी या प्रकारचे आहे, जो मे २०१५ च्या आरएफसी ७५१९ मध्ये निश्चित झाला. त्याचे बिंदूंनी वेगळे केलेले तीन भाग असतात: शीर्ष, मजकूर आणि सही. पहिले दोन भाग केवळ बेस६४ या अक्षर-मांडणीच्या पद्धतीने मांडलेले असतात, ते कुलूपबंद केलेले नसतात, त्यामुळे ते कुणालाही वाचता येतात. मालासोबतच्या चलनावरचा मजकूर ट्रकचालकापासून गोदामातील माणसापर्यंत सगळे वाचतात. चलन खरे की खोटे हे मात्र सही-शिक्क्यावर ठरते. टोकनची सही आमच्या सर्व्हरवरील गुप्त कीने होते आणि त्यातील एक अक्षर जरी बदलले तरी ती जुळत नाही. ‘काउंटर’ या भूमिकेच्या जागी कुणी ‘मालक’ असे लिहून पाठवले, तर ती विनंती दारातूनच परत जाते. वाचता येते म्हणूनच आम्ही त्यात फक्त वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक, फर्मचा क्रमांक, भूमिका आणि मुदत एवढेच ठेवतो. पासवर्ड, मोबाईल क्रमांक किंवा जीएसटी क्रमांक त्यात नसतो.

आणखी एक गोष्ट तांत्रिक असली तरी सांगतो, कारण त्या तरुणाला तिचा उपयोग होईल. सही कोणत्या पद्धतीने केली आहे हे टोकनच्या शीर्षात लिहिलेले असते. २०१५ मध्ये असे उघडकीस आले, की काही लायब्रऱ्या (टोकन तपासणारे तयार प्रोग्राम) त्या शीर्षावर विश्वास ठेवत होत्या आणि तिथे ‘नन’ (none, म्हणजे सही नाही) असे लिहिले तर सही नसलेले टोकनही स्वीकारत होत्या. आमच्या सर्व्हरवर पद्धत आधीच ठरलेली आहे आणि टोकन स्वतःविषयी काय सांगते यावर ती बदलत नाही. त्या तरुणाची जिज्ञासा मला मनापासून आवडली. माझी विनंती एवढीच, की मुदत शिल्लक असलेले टोकन कोणत्याही परक्या संकेतस्थळावर टाकू नये. अभ्यासासाठी मुदत संपलेले टोकन पुरेसे असते.

काउंटरवरील मुलाला येणे दिसत नाही, कारण त्याची भूमिका तशी ठरवलेली आहे. ४०१ हा संकेत आला तर ओळख पटलेली नाही, पुन्हा लॉगिन करावे. ४०३ आला तर ओळख पटली आहे, पण अधिकार नाही. आपण ‘बिघाड’ म्हणून उल्लेख केलेला ‘परवानगी नाही’ हा संदेश दुसऱ्या प्रकारचा आहे. मालकाच्या लॉगिनमधून कर्मचाऱ्यांचे अधिकार बदलता येतात.

इथे एक मुद्दा जोडतो, कारण एपीआय बनवणारे पुष्कळ जण नेमके तिथेच थांबतात. टोकन खरे आहे एवढ्याने काम भागत नाही. मागितलेले बिल त्याच फर्मचे आहे का, हेही प्रत्येक विनंतीला पाहावे लागते. नाही तर स्वतःचे वैध टोकन वापरून पत्त्यातील बिल क्रमांक १०४१ च्या जागी १०४२ टाकणाऱ्याला शेजारच्या दुकानाचे बिल दिसेल. ओवास्प या संस्थेच्या २०२३ च्या एपीआय धोक्यांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे आणि ओळख पडताळणीतील ढिलाई दुसऱ्या. आमच्याकडे फर्मचा क्रमांक विनंतीतून घेतला जात नाही, तो टोकनमधूनच घेतला जातो.

कायमची, सर्वाधिकार असलेली एक की मात्र आम्ही देणार नाही. अशी की एक्सेलच्या फाईलमध्ये बसते, फाईल व्हॉट्सॲपवर जाते, हिशेबनीस बदलतात, संगणक विकला जातो, आणि ती की मात्र चालूच राहते. कुणी कधी काय वाचून नेले हेही समजत नाही, कारण सगळ्यांची नोंद एकाच नावाने होते.

आपली मूळ गरज मात्र रास्त आहे. बिले रोज हाताने उतरवून घेण्यात दिवाणजींचा वेळ जाऊ नये. त्यासाठी हिशेबाच्या कामाचे स्वतंत्र क्लायंट खाते आम्ही देतो आणि त्याचे वेगळे शुल्क नाही. त्या खात्याला फक्त बिले व जमा-खर्चाच्या नोंदी वाचता येतात. त्यात बदल करता येत नाही आणि पार्टीवार भावपत्रक त्याला दिसत नाही. त्याचा आयडी आणि गुप्त शब्द वापरून एक्सेलमधील जोडणीने स्वतःच पंधरा मिनिटांचे टोकन मागायचे आणि संपले की पुन्हा मागायचे, त्यात माणसाचा हात लागत नाही. गुप्त शब्द एकदाच दाखवला जातो, आमच्याकडे त्याचा केवळ हॅश (ज्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही असा ठसा) राहतो, आणि हिशेबनीस बदलले तर दुकानातील मोबाईलना धक्का न लावता तेवढेच खाते बंद करता येते.

हे सुरू करण्यासाठी मालकाच्या नोंदणीकृत मोबाईलवरून विनंती यावी, एवढीच अट आहे. जोडणी करून द्यायला आमचा माणूस आपल्या हिशेबनिसांच्या कार्यालयात येईल. त्याआधी कृपया त्या तरुणाला एक्सेलच्या फाईलमधील जुनी टोकन काढून टाकायला सांगावे, आणि ती फाईल कुणाला पाठवली असल्यास तिथूनही पुसून घ्यावी. आपल्या खात्यात गेल्या १८० दिवसांत कोणत्या उपकरणावरून कधी प्रवेश झाला याची नोंद आपल्याला हवी असेल, तर तीही आपल्या हाती देण्यात येईल.

आपला,
संचालक, सोलापूर