शंभर झाडं, पेव्हर आणि कोपऱ्यात हॉल: ओपन स्पेस अशी वाचत नाही

मे संपत आला की कोल्हापुरातल्या कॉलन्यांच्या ग्रुपवर एक मेसेज नव्यानं फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे बदलतात, सांगणं तेच असतं. ओपन स्पेस, म्हणजे लेआउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली जागा, कुणाच्या घशात जाऊ द्यायची नसेल तर पहिल्या पावसात शंभर झाडं लावा, तीही झटपट वाढणारी. उरलेल्या जागेत पेव्हर घाला, कोपऱ्यात मंदिर किंवा हॉल उभा करा. आणि महापालिकेत अर्ज करत बसू नका, तिथं काही होत नाही. हेतूबद्दल तक्रार नाही. पण या सूचना चुकीच्या आहेत आणि मंदिर-हॉलची तर जागा वाचवायच्या नावाखाली घालवते.

आधी शंभर झाडांचा हिशेब. राज्याच्या बांधकामाच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे एका एकराच्या लेआउटला चार गुंठे, साधारण २० मीटर बाय २० मीटर. त्यात शंभर झाडं बसवली तर दोन झाडांत दोन मीटर अंतर उरतं. कडुनिंबाला पाच-सहा मीटर लागतात, वडा-पिंपळाला दहाच्या वर. हद्दीपासून दोन मीटर आत सरकून चारी बाजूंनी पाच-पाच मीटरवर लावली, तर झाडं बसतात बारा. मधली जागा पोरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला राहते. कुणी म्हणेल, मियावाकी करू, तिथं एका चौरस मीटरात तीन-चार रोपं लावतात. करा, पण ते रान होतं, त्यात बाकडं ठेवायला जागा उरत नाही.

खड्डा तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल हवा. म्हणजे २७ घनफूट. बारा खड्ड्यांना सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भर लागते: दोन ब्रासच्या वर माती, एक ब्रास चांगलं कुजलेलं शेणखत, आणि वाळवीसाठी खड्ड्यामागे अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड. शंभर खड्ड्यांना हाच हिशेब २७ ब्रासवर जातो. एवढी भर कोणतीच कॉलनी आणत नाही. म्हणून प्रत्यक्षात पहारीनं फूटभर भोक पाडलं जातं, रोप आत खोचलं जातं, फोटो निघतो.

पाण्याचं गणितही तसंच. पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी झाडाला पाणी घालत नाही, घालायची गरजही नसते. रोप मरतं ते फेब्रुवारी ते मे या काळात. आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर धरले तर बारा झाडांना आठवड्याला ४८० लिटर लागतात. हे चार घरं वाटून घेऊ शकतात. शंभर झाडांना चार हजार लिटर लागतात, म्हणजे दर आठवड्याला टँकर, तोही निदान दोन उन्हाळे. तो कुणी सांगायचा आणि पैसे कुणी द्यायचे, यावर मेसेज गप्प आहे.

पहिल्या पावसातच लावा, हेही अर्धवट. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यायचे, वरची फूटभर माती वेगळी ठेवायची आणि भरताना ती तळाला घालायची. दोन-तीन दमदार सरी झाल्या आणि जमीन फूटभर ओली झाली की लावायचं. नदीकडच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण येते: जुलैची झड लागली की खड्ड्याचं टाकं होतं आणि मुळं कुजतात. तिथं रोप जमिनीच्या पातळीवर न लावता वीतभर उंचवट्यावर लावायचं. कळंबा-पाचगावकडच्या मुरमाड चढावर उलटा प्रकार. खड्ड्याच्या कडा पहारीनं खरवडून फोडल्या नाहीत तर मुळं कुंडीतल्यासारखी आतल्या आत गोल फिरतात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी बरं दिसणारं झाड वाऱ्यात उताणं होतं.

लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढायची. हे सांगायची गरज पडू नये, पण मेलेलं रोप उपटून बघा, पिशवी बऱ्याचदा मुळाशी तशीच निघते. तळाशी वेटोळं झालेली मुळं असतील तर कात्रीनं छाटायची. बांबू पश्चिमेला ठोकायचा, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. बांधायचं सुतळीनं, इंग्रजी आठच्या आकारात, सैल. तार नको, ती दोन वर्षांत सालीत घुसते.

झटपट वाढणाऱ्या झाडांबद्दल. मेसेजमध्ये गुलमोहर आणि सोनमोहर हमखास असतात, अलीकडे कोनोकार्पसही दिसतो. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात कुणाच्या गाडीवर फांदी पडली की पुढच्या बैठकीत सगळीच झाडं तोडायचा विषय निघतो. कोनोकार्पसवर तर गुजरातनं २०२३ मध्ये बंदी घातली आहे. आपल्या हवेला ताम्हण, बहावा, करंज, बकुळ, कडुनिंब चालतात. ताम्हण तर राज्याचं फूल आहे, तरी कॉलन्यांत शोधावा लागतो. विजेच्या तारेखाली आपटा, कांचन किंवा पारिजातक लावा, म्हणजे दर मे महिन्यात शेंडे छाटले जाणार नाहीत. शाहूपुरी किंवा जयंती नाल्याच्या आसपास, जिथं २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं, तिथं कडुनिंब टाळा. मुळाशी तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. करंज, अर्जुन, जांभूळ, ताम्हण तग धरतात. जांभूळ मात्र वाटेपासून लांब लावा, फळं पडली की माणसं घसरतात.

पेव्हरचा मुद्दा मांडताना सांगतात की फटींतून पाणी मुरतं. मुरलं असतं, खाली २५-३० मिलिमीटर वाळू आणि त्याखाली खडी-मुरूम असता तर. पण ब्लॉक खचू नयेत म्हणून खाली बऱ्याचदा चार इंच काँक्रीट ओतलेलं असतं. मग फटी असल्या काय आणि नसल्या काय. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर चार गुंठ्यांवर वीस हजार लिटर पाणी येतं. ते मातीत गेलं नाही तर उताराला ज्याचं घर आहे त्याच्या दारात जातं. चालायला वाट हवी असेल तर झाडांच्या आतल्या बाजूनं ४८ मीटर लांब, दीड मीटर रुंद, चार इंच जाडीची मुरमाची वाट पुरते. सैल मुरूम साधारण साडेतीन ब्रास लागतो. कडेला विटा उभ्या लावायच्या, पाणी मारून रोलर फिरवायचा. पेव्हर आधीच घातले असतील तर निदान प्रत्येक खोडाभोवती एक मीटर जागा उकरून मोकळी करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत हाच आदेश दिला होता.

आता मंदिर आणि हॉल. बांधकाम असलं की अतिक्रमण होत नाही, असं मेसेज म्हणतो. अहो, परवानगी नसेल तर ते बांधकामच अतिक्रमण आहे. सार्वजनिक रस्ते, बागा आणि जागांवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात याच न्यायालयानं बागेच्या जागेवर रुग्णालयसुद्धा होऊ दिलं नव्हतं. ओपन स्पेसमध्ये व्यायामशाळेसारखं थोडं बांधकाम नियमात बसतं, पण रीतसर नकाशा मंजूर करून आणि १५ टक्क्यांच्या आत. तालीम असो, मंडळ असो, मर्यादा तीच. शिवाय एकदा कॉलनीनंच भिंत बांधली की उद्या दुसरा कुणी बांधायला आला तर त्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

राहिला अर्ज. काही होत नाही, हे पुष्कळदा खरं असतं, पण अर्ज चुकीच्या टेबलावर गेलेला असतो हेही तितकंच खरं. गवत, झाडं, बाकडी हा विषय उद्यान विभागाचा. गटार, वाट, दिवा यासाठी गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट यांपैकी आपलं विभागीय कार्यालय. जागा कुणाची, हा प्रश्न नगररचना विभागाचा. तिन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या की तो तिन्ही टेबलांवर फिरून परत येतो. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी महापालिकेच्या हद्दीत नाहीत. हद्दवाढीवर भांडणं काय व्हायची ती होवोत, तिथल्या रहिवाशांनी आज ग्रामपंचायत आणि २०१७ मध्ये झालेलं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण हीच दारं ठोठवायची.

जागा खरोखर वाचते ती कागदावर. मंजूर लेआउटचा नकाशा आणि बिगरशेती आदेश यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती काढा. मिळत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो आणि उत्तराला मुदत ३० दिवस. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा. मग सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, नसेल तर सातबारा. मेख इथंच असते: नकाशावर ओपन स्पेस लिहिलेलं आणि उताऱ्यावर नाव अजून मूळ मालकाचं. वारस बदलले की तोच तुकडा प्लॉट म्हणून विकायला निघतो. उताऱ्यावर ओपन स्पेस अशी नोंद व्हावी म्हणून अर्ज करा, त्याला नकाशाची प्रत जोडा. त्यानंतर भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड बसवून घ्या. कुंपण दगडांवरून घालायचं, शेजाऱ्याच्या अंदाजावरून नाही.

पैसे मागायचे तर वेळ पाळा. महापालिकेचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, म्हणून मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायला हवी. जूनमध्ये मागितलेलं काम आपोआप पुढच्या वर्षावर जातं. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे अंदाजपत्रकात तरतूद असेल तर प्रभाग समिती ५ लाखांपर्यंतचं काम मंजूर करू शकते, आणि त्या समितीवर संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. मागणी मोघम नको. ‘बाग विकसित करावी’ यावर कुणी अंदाजपत्रक करू शकत नाही. ‘अमुक सर्व्हे नंबरातील ४०० चौरस मीटर ओपन स्पेसला ८० मीटर जाळीचं कुंपण, एक नळजोड, बारा ट्री गार्ड’ यावर करता येतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. ती प्रत अध्यक्षांच्या घरी न ठेवता कॉलनीच्या फायलीत लावा, कारण अध्यक्ष बदलतात.