“फक्त ब्रेक ऑइल टाका म्हटलं होतं” या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर. तुम्ही लिहिलंय की ब्रेक ऑइल टॉप-अप करायला गाडी दिली, तर आम्ही दिवसभर ठेवून घेतली, चारही चाकं खोलली आणि कॅलिपरचं, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचं, काम काढून बिल वाढवलं. बिलाचा राग समजू शकतो, पण नुसतं ऑइल टाकून गाडी मी दिली नसती.

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, नाहीतर कुठेतरी गळत असतं. तुमचे पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते आणि डबीतलं ऑइल मिनिममच्या खाली. हिशेब जुळत नव्हता.

पुढच्या डाव्या चाकाला आतून ओल होती. शॉकअपचं ऑइल किंवा अ‍ॅक्सल बूटचं ग्रीसही तसंच दिसतं, म्हणून पाण्यात कालवून पाहिलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, ही दोन्ही मिसळत नाहीत. हे मिसळलं. मग होज पाइपचा सांधा, तांब्याची वॉशरं, ब्लीडिंग निपल सगळं पुसून कोरडं केलं आणि पोराला ब्रेक दाबून धरायला बसवलं. सांधे कोरडेच राहिले. कॅलिपरमध्ये पॅड ढकलणारा पिस्टन असतो, त्याचं रबर बूट कडेनं उचललं तेव्हा आतून ऑइल ओघळलं. पिस्टनवर गंजाचे खड्डे होते. ऑइल अडवणारं नुसतं नवं सील घातलं असतं तर त्या खड्ड्यांवर घासून तेही गेलं असतं, म्हणून पिस्टनही बदलला.

पॅड शिल्लक असताना का बदलले? ऑइलनं भिजलेला पॅड धुऊन भरवशाचा होत नाही. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, म्हणून दोन्हीकडचे बदलले. मागची चाकं खोलली, कारण मागच्या ब्रेकच्या ड्रमच्या आतली गळती बाहेरून दिसतेच असं नाही. त्याचे पैसे लावलेले नाहीत, बिल पाहा.

टॉप-अपनं मीटरवरचा लाल दिवा विझला असता आणि गळती तशीच राहिली असती. तुम्ही घरच्यांना घेऊन ताम्हिणी उतरून माणगावला जाता, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. त्या उतारावर पेडल खाली गेलेलं मला चालणार नाही.

जुना पिस्टन, सील आणि पॅड पिशवीत बांधून ठेवलेत. तुमच्या मेकॅनिकला घेऊन या, पिस्टन-सीलच्या किटचा भाव नाना पेठेत कुठेही विचारा. डबीवर मार्करनं खूण केली आहे. पातळी तिच्याखाली गेलेली दिसली तर त्याच दिवशी गाडी आणा, तपासायचे पैसे घेणार नाही.