आठ तासांत वायझॅग

पुरीहून तिरुपतीला जाताना वाटेत विशाखापट्टणम, म्हणजेच वायझॅग, लागतं. यात्रेच्या चक्री तिकिटात मध्ये उतरायची सोय असते, म्हणून तिथे उतरायचं. याहून मोठं कारण शोधत बसू नका. अमळनेरात कुणी विचारलंच, "तठे काय शे, भो?" तर "समुद्र शे" एवढं सांगितलं की झालं. तापीकाठची अर्धी माणसं सुरतेला कामाला गेली, तापीही तिकडेच समुद्राला मिळते. पण तेवढ्यासाठी दोन पावलं पुढे गेलेला एक जण आपल्या गल्लीत सापडायचा नाही. आपल्याला समुद्र बघायचा तर तो थेट बंगालच्या उपसागराचाच.

सकाळी उतरायचं, संध्याकाळची गाडी धरायची. गावात ठिकाणं नऊ, हातात तास आठ. हा हिशेब नानांवर सोडावा. नाना म्हणजे ज्यांचा साडू भुसावळला रेल्वेत होता ते. प्रत्येक यात्रेत असे एक नाना असतात आणि साडूच्या नोकरीमुळे त्यांना सगळ्या गाड्यांचं कळतं.

खाण्याचं आधीच ठरवून घ्या. माणशी दहा पुऱ्या पहिल्या दोन दिवसांसाठी. पुढे दशम्या, कारण दुधात भिजवलेली कणीक दगा देत नाही. शिवाय लसणाची चटणी, ठेच्याची बरणी आणि रावेरची केळी. केळी अशा मुलखात न्यायची जिथे जेवणच केळीच्या पानावर वाढतात. स्टेशनबाहेर पेसरट्टू मिळतो. तो लांबूनच बघावा, "हे तर आपलं मुगाचं धिरडं" असं मोठ्याने म्हणावं आणि रिक्षात बसावं.

पहिला मान सिंहाचलमचा. डोंगरावर वराह-नरसिंहाचं जुनं मंदिर आहे. देव वर्षभर चंदनाच्या जाड लेपाखाली असतो. मूळ रूप दिसतं ते वर्षातून एकच दिवस, अक्षय्य तृतीयेला. अक्षय्य तृतीया म्हणजे आपली आखाजी! त्या दिवशी खान्देशातला माणूस घर सोडेल? लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, खापरावर मांडे, पातेलंभर आमरस. शेतात सालदाराचं साल बदलायचं आणि देवळामागे पत्त्यांचे डाव रंगलेले. देवाने स्वतः येऊन बोलावलं तरी "डाव मोडला की निघतो" असंच उत्तर मिळेल. तेव्हा तुम्ही बाकीच्या दिवसांपैकी कुठल्याही दिवशी जा, रांगेत उभे राहा आणि बाहेर येऊन तक्रार करा की नरसिंहाला आलो आणि दिसली महादेवाची पिंड. लेपामुळे आकार तसाच दिसतो, हे कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. चपला शोधा.

मग रामकृष्ण बीचवर या. तिथे आयएनएस कुरसुरा ही खरीखुरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. 1969 साली नौदलात आली, 2001 साली निवृत्त झाली, पुढच्या वर्षी तिचं संग्रहालय झालं. सोमवारी बंद असतं, म्हणून शक्यतो सोमवारच धरा. बाहेरून फोटो फुकट निघतो. आमचा वार चुकला आणि आत जावं लागलं. लांबी साधारण 91 मीटर, म्हणजे आपल्या गाडीचे चारेक डबे. त्यात 75 माणसं. दोन दालनांमधलं दार म्हणजे गोल भोक. आधी पाय घालायचा, मग डोकं, मग उरलेलं आपण. निवृत्त नौसैनिक टॉर्पेडोबद्दल मन लावून सांगत होते. आमच्यातल्या काकू मात्र भटारखान्यापाशी अडल्या होत्या. कपाटाएवढी जागा आणि चार भांडी. सांगून झाल्यावर ते म्हणाले, काही शंका? काकूंनी विचारलं, "इतक्या माणसांच्या पोळ्या लाटायच्या कुठे?" अख्ख्या रांगेतला एवढाच प्रश्न कामाचा होता, असं माझं मत आहे.

कैलासगिरीला रोपवेने चढा. वर शंकर-पार्वतीची 40 फुटी पांढरी मूर्ती आहे. तिच्यापेक्षा मोठं म्हणजे खाली वळत गेलेला किनारा: एका बाजूला डोंगर, एका बाजूला निळं पाणी, मध्ये दाटीवाटीचं गाव. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढा. अराकूचं खोरं, बोरा गुंफा वगैरेंचं नावही काढू नका. तिकडे जाणाऱ्या बोगद्यांच्या रेल्वेला अख्खा दिवस लागतो आणि दिवस आपण आठ तासांचाच आणला आहे.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं: समुद्रातला सूर्यास्त. कोकणात गेलेल्या प्रत्येकाने तो फोटोत दाखवलेला असतो, म्हणून आपल्यालाही तो हवाच. संध्याकाळी परत बीचवर येऊन वाळूत एका ओळीत बसा, तोंड पाण्याकडे. नाना मोबाइल धरून तासभर बसले होते. मी तेवढ्यात मागे जाऊन कांदा-लिंबू घातलेलं कुरमुऱ्यांचं मुरी मिक्स्चर खाऊन आलो. दशम्यांना कळू दिलं नाही. पाणी काळं पडत गेलं. शेवटी नाना वळले, तेव्हा सूर्य पाठीमागच्या डोंगरापलीकडे कधीच गेला होता. हा किनारा पूर्वेचा, इथे समुद्रातून सूर्य फक्त उगवतो. पण सकाळी साडेपाचला उठून कोण येणार? तेव्हा आपण स्टेशनवर पिशव्या मोजत होतो.

"दिन मांगे बुडना, भो," नाना म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला.

गाडी वेळेवर मिळाली. एक सांगायचं राहिलं. विशाखापट्टणमचं स्टेशन म्हणजे बंद बोळ. कोलकाता-चेन्नई मार्गावरची गाडी ज्या तोंडाने आत येते त्याच तोंडाने बाहेर पडते. इंजिन तेवढं या टोकाचं सोडून त्या टोकाला लावतात. हे नानांना सांगू नका. गाडी सुटली, सकाळी बघितलेलाच पूल पुन्हा खिडकीतून गेला आणि नाना ताडकन उभे राहिले.

"उठा रे! हाई गाडी ते पुरीले चालनी!"

वरच्या बर्थवर काकूंची झोप अर्धवट मोडली.

"पुऱ्या कालच सरन्यात. दशमी शे, देऊ का?"