अॅम्प तापतोय म्हणून दुसरा कॅब लावू नका! त्या सहा उपायांच्या मेसेजला उत्तर

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, "बेस अॅम्प तापतोय? घाबरू नका, हे सहा उपाय करा, रिपेअरवाल्याची गरज नाही". ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यात म्हटलंय की (१) व्हॉल्यूम अर्ध्याच्या खाली ठेवा, (२) दुसरा कॅबिनेट (कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी) जोडा म्हणजे लोड वाटला जाईल, (३) वरचं झाकण काढून टेबल फॅन लावा, (४) फ्यूज उडत असेल तर मोठा टाका, (५) थर्मल स्विच (जास्त तापल्यावर अॅम्प बंद करणारा) सारखा आवाज बंद पाडत असेल तर तो शॉर्ट करा, आणि (६) एवढं करूनही जमलं नाही तर क्लास डी प्रकारचा अॅम्प घ्या, तो तापतच नाही. यातला एक उपाय अर्धा खरा आहे, एक अगदी उलटा आहे आणि दोन सरळ आग लावणारे आहेत. आणि अॅम्प नक्की कधी तापतोय, वाजवताना की नुसता चालू ठेवल्यावर, हे त्या मेसेजमध्ये कुठेच विचारलेलं नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार.

त्याआधी एक गोष्ट. अॅम्प गरम होतो यात बिघाड असेलच असं नाही. साधा ट्रान्झिस्टरवाला क्लास एबी (नेहमीच्या रचनेचा) अॅम्प घेतला तर आत आलेल्या पॉवरचा बराच भाग हीटसिंकवर उष्णता म्हणून जाणारच, त्यासाठीच तर एवढा अॅल्युमिनियमचा ठोकळा लावलेला असतो. ६० डिग्रीला हात काही सेकंदांच्या वर टेकवून ठेवता येत नाही, पण ट्रान्झिस्टरसाठी ते काहीच नाही, त्याच्या आतल्या सिलिकॉनची मर्यादा साधारण १५० डिग्रीची असते. त्यामुळे "हात लावला तर चटका बसला" एवढ्यावरून काही ठरत नाही. ट्यूबवाला अॅम्प तर तापलेला असणारच, त्याची काच बघून घाबरू नका, फक्त ट्यूबच्या आतली प्लेट लालभडक दिसायला लागली तर ताबडतोब बंद करा.

आता उपाय, पण क्रम माझा. दुसऱ्यापासून सुरू करतो कारण लोक सगळ्यात जास्त हाच करतात, कॅब आणला, जॅक घुसवला, झालं. "लोड वाटला जातो" हे ऐकायला पटतं, दोघांनी मिळून पेटी उचलली की प्रत्येकाला हलकी लागते तसं. पण वाटणी होते ती कॅबांमध्ये, अॅम्पला त्यातून काही सुटका नाही, उलट त्याचं काम वाढतं. ट्रान्झिस्टर अॅम्पच्या मागचे दोन स्पीकर सॉकेट बहुतेक वेळा आतून पॅरललच (शेजारी-शेजारी जोडलेले) असतात, कॅबच्या मागचे दोन सॉकेटसुद्धा पॅरललच, त्यामुळे कुठूनही कुठेही वायर टाका हिशोब तोच राहतो. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा. ८ ओहमचा एक कॅब म्हणजे ८, दोन म्हणजे ४, तीन म्हणजे साधारण २.७ आणि चार लावले की २ ओहम. आणि ओहम जेवढे कमी तेवढा करंट जास्त.

आकडे घालून बघा. समजा अॅम्प ४ ओहमला ३०० वॅटचा आहे, म्हणजे फुल पॉवरला आउटपुटवर साधारण ३५ व्होल्ट आणि ८.७ अँपिअर. तेवढ्याच व्होल्टेजला ८ ओहमवर करंट ४.३ अँपिअर होतो आणि २ ओहमवर १७ च्या पुढे जातो. तो सगळा १७ अँपिअर त्याच ट्रान्झिस्टरमधून जायचाय, त्याच हीटसिंकवर तापायचाय, हीटसिंक काही दुप्पट झालेला नाही. तर दुसरा कॅब लावल्याने अॅम्प थंड होत नाही, त्याच नॉब सेटिंगला त्याची उष्णता जवळपास दुप्पट होते. आवाज वाढतो हे खरंय, पण मेसेज थंड करायला सांगत होता ना?

याचा अर्थ दोन कॅब वापरूच नका असा नाही. मागच्या पॅनलवर "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर ८ चे दोन बिनधास्त लावा, त्यासाठीच बनवलाय. गडबड होते ती ४ चे दोन लावल्यावर, किंवा एक ४ चा आणि एक ८ चा लावल्यावर (तो २.७ होतो), किंवा कुणीतरी कॅबमधले स्पीकर बदलून वायरिंग आपल्या मनाने केलेलं असेल तेव्हा, आणि हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा निघतं. म्हणून स्टिकरवर विश्वास न ठेवता मल्टीमीटर लावा, कॅब अॅम्पपासून सोडवून वायरच्या जॅकच्या टोकाला आणि दांड्याला प्रोब धरा. ८ ओहमचा कॅब मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ चा तीन ते साडेतीन. आकडा थोडा कमी दिसणं बरोबरच आहे कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. पण एक-दीड ओहम दिसला तर अॅम्पला शिव्या देणं थांबवा आणि कॅब उघडा. अॅम्प कशामुळे तापतोय ते बघायची खरी टेस्ट मेसेजच्या बरोब्बर उलटी आहे, दोन कॅब असतील तर एक काढून बघा. ट्यूब अॅम्पचं गणित वेगळं, तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि ४ नि ८ चे वेगळे टॅप (वेगवेगळ्या जोडण्या) असतात, कॅबच्या एकत्रित ओहमप्रमाणे टॅप निवडायचा, आणि कॅब न लावता तर ट्यूब अॅम्प कधीच चालवायचा नाही.

वायरबद्दल पण इथेच सांगून टाकतो, मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. गिटारपासून अॅम्पपर्यंत येणारी शिल्डवाली केबल अॅम्पपासून कॅबपर्यंत लावायची नाही. जॅक सारखा दिसतो म्हणून लोक लावतात. आतली मधली तार बारीक असते, ८-१० अँपिअर तिच्यासाठी नाहीत, ती स्वतः तापते आणि शिल्डच्या कपॅसिटन्समुळे काही अॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट व्हायला (स्वतःच सिग्नल काढायला) लागतात. मग आवाज नाही, काही नाही, आणि हीटसिंक भट्टी!

आता पहिला उपाय, व्हॉल्यूम अर्ध्याच्या खाली. हा अर्धा खरा. एकदम कमी आवाजात वाजवलं तर उष्णता कमी होणारच, वाद नाही. पण "अर्धा नॉब म्हणजे अर्धी पॉवर" हे डोक्यातून काढा. नॉब म्हणजे पॉवरचा मीटर नाही, तो फक्त सिग्नल किती पुढे सोडायचा ते ठरवतो. बॅटरीवाला अॅक्टिव्ह बेस आणि वर चढवलेला गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) असेल तर कित्येक अॅम्प नॉब बाराच्या काट्यावर पोचायच्या आतच फुल पॉवर देऊन मोकळे होतात.

आणि याहून गंमत पुढे आहे. क्लास एबी अॅम्प सगळ्यात जास्त तापतो तो फुल पॉवरला नाही, मधल्या पॉवरला! तोच ३०० वॅटवाला अॅम्प घ्या, आत अधिक-वजा ५० व्होल्टचे रेल (आतल्या पॉवर सप्लायचे व्होल्टेज) धरा, आदर्श गणित आणि साइन वेव्ह. फुल आउटपुटला साधारण ३१० वॅट स्पीकरला जातात आणि ८६ वॅट हीटसिंकवर. तोच अॅम्प १२७ वॅटला चालवा, हीटसिंकवरही १२७ वॅट. अजून कमी करा, फुलच्या एक अष्टमांश म्हणजे ३९ वॅट, तरी हीटसिंकवर १०२ वॅट, म्हणजे फुल पॉवरपेक्षा जास्तच. कारण सोपं आहे, रेलचे व्होल्ट आणि स्पीकरला गेलेले व्होल्ट यांच्यातला फरक ट्रान्झिस्टरला स्वतःवर सोसावा लागतो, आणि मधल्या लेव्हलला फरकही मोठा असतो नि करंटही बऱ्यापैकी असतो. खऱ्या गाण्यात सरासरी पॉवर साधारण याच एक अष्टमांशाच्या आसपास खेळत असते. तेव्हा "मी तर अर्ध्यावरच वाजवतो, तरी तापतो कसा" याचं उत्तर हे आहे की तिथेच तर तो तापतो.

मग नॉबऐवजी काय कमी करायचं? बेसचा ईक्यू, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा नॉब. ३ डीबी बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला दुप्पट पॉवर, ६ डीबी म्हणजे चौपट. चार तारांच्या बेसची ई ची तार ४१ हर्ट्झला आणि पाच तारांची लो बी साधारण ३१ ला असते, पण ऐकू येणारा दम बराचसा त्यांच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीत असतो, ८० हर्ट्झच्या आसपास. त्यात दहा इंची स्पीकरवाले बरेच कॅब ४० च्या खाली फारसं काही बाहेर काढतच नाहीत. तरी लोक तिथेच नॉब पूर्ण फिरवून ठेवतात, पॉवर जाते, कोन हलतो, ऐकायला काही येत नाही. लो बूस्ट शून्यावर आणा, हाय-पास फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) असेल तर चालू करा, आवाज उलट मोकळा होतो (रूममध्ये एकटं वाजवताना पातळ वाटेल, ड्रम चालू झाला की वाटणार नाही).

झाकण काढून फॅन लावणे. फॅनची कल्पना वाईट नाही, झाकण काढायची आहे. ज्या अॅम्पमध्ये आतला पंखा आहे त्यात हवा एका बाजूने आत येऊन हीटसिंकच्या फिन्समधून दुसऱ्या बाजूने बाहेर जावी असा मार्ग बांधलेला असतो आणि झाकण त्या मार्गाची भिंत असतं. ते काढलं की हवा सोप्या रस्त्याने निघून जाते, फिन्सना लागतच नाही. वर मेन्सची पट्टी आणि मोठे कपॅसिटर उघडे, ट्यूब अॅम्प असेल तर ४००-५०० व्होल्ट, आणि ते कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असू शकतात. त्यापेक्षा बाहेरून जे करता येतं ते करा, मागची बाजू भिंतीपासून लांब, कव्हर पूर्ण काढलेलं (अर्धं कव्हर घालून वाजवणारे कमी नाहीत), रॅकमध्ये असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही झाकण उघडं. जाळीपाशी कागदाचा कपटा धरा, ओढला किंवा ढकलला जातोय का बघा, नसेल तर पंखा बंद आहे किंवा धूळ भरलीये. पण काही पंखे थर्मोस्टॅटवर असतात, अॅम्प गार असताना फिरतच नाहीत, तेव्हा ही टेस्ट अॅम्प तापल्यावरच घ्या. धूळ काढताना प्लग काढून बाहेरून मऊ ब्रश आणि हवा, आणि हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

फ्यूज आणि थर्मल स्विच, चार आणि पाच नंबर, यावर फार लिहायची इच्छा नाही. फ्यूज सारखा उडतो कारण आत काहीतरी जास्त करंट खेचतंय, बहुतेक वेळा शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग). मोठा फ्यूज टाकला की मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळते आणि ती फ्यूजच्या भावात मिळत नाही. जे रेटिंग लिहिलंय तेच आणि त्याच जातीचं, टी लिहिलं असेल तर स्लो-ब्लोच (थोडा उशिराने उडणारा). नवा बरोबर रेटिंगचा फ्यूज लावल्या लावल्या गेला तर तिसरा लावून बघू नका. थर्मल स्विच थंड झाला की स्वतःच पुन्हा जोडला जातो, म्हणजे तो बिचारा बरोबर काम करतोय, आणि त्यालाच शॉर्ट करायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या अॅम्पवर आधी करून दाखवावं.

क्लास डी तापत नाही? कमी तापतो. एफिशिएन्सी ९० टक्क्यांच्या आसपास धरली तर ३०० वॅट देताना ३३ वॅट उष्णता, एबीच्या मानाने किरकोळ. पण डबाही केवढासा असतो, त्यातच पॉवर सप्लाय पण कोंबलेला, त्यामुळे जाळी झाकली किंवा किमान ओहमच्या खाली गेलात तर तोही प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला बंद करतो), गाण्याच्या मध्येच. आणि जुना अॅम्प वाकड्या वायरिंगच्या कॅबमुळे तापत असेल तर नवा अॅम्प त्याच कॅबला जोडून काय मिळणार?

राहिला तो न विचारलेला प्रश्न. बेसची वायर काढा, सगळे नॉब शून्यावर आणा आणि ट्रान्झिस्टर अॅम्प अर्धा तास नुसता चालू ठेवा, समोर बसून. कोमट झाला तर ठीक, म्हणजे गडबड लोड, ईक्यू किंवा हवेत आहे आणि वरचं सगळं तुमच्यासाठी आहे. काही न वाजवता हीटसिंक हात ठेवता येणार नाही एवढा तापला तर बायस (न वाजवतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या थोड्या करंटचं सेटिंग) सरकलाय, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकलीये किंवा अॅम्प आतल्या आत ऑसिलेट होतोय. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज (हा बेस म्हणजे ट्रान्झिस्टरची एक पिन, वाद्य नाही) दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं, बायसने ते सांभाळलं नाही तर करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतो, आणि हे चक्र ट्रान्झिस्टर उडेपर्यंत चालतं. तिथे फॅन काही करू शकत नाही. एक गोष्ट घरी बघता येते, कॅब काढून (ट्यूबवाल्यांनी हे करायचं नाही) स्पीकर सॉकेटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. व्होल्टमध्ये आकडा आला तर कॅब परत जोडू नका, तो डीसी थेट व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली कॉइल) जाळतो. असा अॅम्प रिपेअरला देताना "तापतो" एवढंच सांगू नका, किती ओहमचा कॅब होता, न वाजवता किती वेळात तापला आणि सॉकेटवर किती डीसी दिसला हे तिन्ही कागदावर लिहून सोबत चिकटवा.