रेशन बंद केल्याने वर्ग भरत नाहीत

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय: ‘शिक्षण फुकट, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, तरी पोरं गैरहजर. आईबापांनाच किंमत नाही. शाहू महाराजांनी दंड लावला होता, तसाच लावा. रेशन बंद करा, दुसऱ्या दिवशी वर्ग भरतील.’

आधी शाहू महाराज, कारण ते नाव आलं की पुढे कुणी बोलत नाही. दंड होता, खरं आहे. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. पण शिक्षण मोफतही केलं होतं. आणि शिकायला येणाऱ्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहू लागली ती १९०१ पासून. सोय आधी, दंड नंतर. हा क्रम मजकुरातून सोयीस्कर गळालाय.

आता ‘किंमत नाही’. बीडकडचं ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतं, ती दोघांच्या नावावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. गावात आजी-आजोबा धडधाकट असले तर पोर मागे राहतं, नाहीतर गाडीत बसतं. मग आई उसाच्या फडात, बाप फडात आणि नऊ-दहा वर्षांची पोरगी कोपीपाशी, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीपाशी, धाकट्याला काखेला मारून चूल-पाणी बघते. हजेरीपटावर ती नुसती गैरहजर दिसते. तिच्या आईला शिक्षणाची किंमत कळत नाही असं म्हणायचं? तिला पोर ठेवायला जागा नाही, एवढंच. यावर हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप तोडीला गेले की पोरांना गावातच ठेवून घेण्याचा, उपाय आहे, आणि चांगला आहे. पण टोळी गेल्यावर आचारी शोधायला निघालात तर जेवणार कोण?

कायद्याचं म्हणाल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मूल शाळेत दाखल करणं पालकाचं कर्तव्य आहे, पण त्यापुढे शिक्षा नाही. उलट हजेरीची खात्री करणं सरकारवर आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं स्थानिक प्राधिकरणावर टाकलंय. दंड करायचाच तर यादी बरीच लांबेल!

रेशनचं तर बोलूच नये. घरातलं धान्य तोडलं की पोर वर्गात जात नाही, कामाला जातं.

खिचडीसाठी येतात? येऊ देत की. पोट भरलेलं पोर फळ्याकडे बघतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, ते काही लाड म्हणून नव्हे.

खरं काम हजेरीपट वाचण्याचं आहे. गैरहजेरीच्या खुणा दर बाजारच्या दिवशीच पडतायत का? सहावी-सातवीच्या मुली महिन्यातून तीन-चार दिवस सलग गायब असतील तर संडासात पाणी आहे का ते आधी बघा, मग पालकांना बोलवा. आणि बोलवाल तेव्हा पहिला प्रश्न ‘का नाही पाठवलं?’ असा दरडावून नको. ‘घरी काय अडलंय?’ असा असू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. दसऱ्याआधीच्या बैठकीत त्यांनाच विचारा, यंदा कुणाकुणाच्या घरून कोयता निघणार आणि मागे कोण राहणार.