सीएनसी आली, तरी मशीन उभीच

"सीएनसी घ्या. उत्पादन दुप्पट, माणसं निम्मी, हप्ता आपोआप फिटतो. जुन्या लेथवाल्यांना पाच वर्षांत कुलूप." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ग्रुपवर हा मेसेज फिरफिर फिरतोय. लेथ म्हणजे धातू फिरवून कापणारं यंत्र; जुनी हातानं चालवायची, सीएनसी संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालते. माझ्याकडे दोन सीएनसी आहेत, त्यामुळे मला यंत्राचा वैरी समजू नका.

उत्पादन दुप्पट होतं, मशीन कापत असेल तर. आमच्याकडे हायड्रॉलिकच्या बुशची, म्हणजे आतून पोकळ गोल नळीसारख्या भागाची, 12 नगांची ऑर्डर होती. एका नगाला 6 मिनिटं, म्हणजे सव्वा तासाचंसुद्धा काम नाही. दोन तासांनी जाऊन बघतो तर पहिला नगही निघालेला नाही! "सेटिंगच करूलोय की," ऑपरेटर म्हणाला. सॉफ्ट जॉ, म्हणजे नग पकडायचे जबडे, सापडेनात, ड्रॉइंग ऑफिसात, माप तपासायचं गेज शेजारच्या मशीनवर. पुढं आम्ही भिंतीला फळी ठोकली, जॉवर रंगानं जॉबनंबर टाकले, गेज आणि ड्रॉइंग एकाच पेटीत ठेवलं. तेच सेटिंग आता पाऊण तासात होतं. खर्च रंगाचा आणि खिळ्यांचा.

हे फक्त आमच्या शेडचं नाही. तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांत काही अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला होता, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात भर नव्या यंत्रांवर नव्हता. बिघाडाच्या नोंदी, साठ्याचा हिशेब, दर्जाची तपासणी, अशी शिस्त लावली आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

माणसं निम्मी? हेल्पर कमी होतो, खरं. पण प्रोग्रॅम लिहिणारा लागतो, आणि तो शिकून तयार झाला की मोठी कंपनी त्याला उचलते.

हप्त्याचं बघू. 25 लाखांचं कर्ज, 11 टक्के, 5 वर्षं: महिन्याला 54 हजारांच्या वर. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं, असं 2006 चा कायदा सांगतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडून चौथ्या महिन्यात पैसे येतात. बँकेचा हप्ता मात्र तारखेला कापला जातो.

तेच ते 500 नग दर महिन्याला लागत असतील, मापात 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा चुकून चालत नसेल, तर सीएनसी घ्यायलाच हवी. तिथं मेसेज बरोबर आहे.

राहिलं कुलूप. आमच्या शेजारी जुन्या लेथवर दुरुस्तीची कामं चालतात. गाळप हंगामात साखर कारखान्याचा शाफ्ट तुटला की रात्री दोनला जीप तिथंच येते. एका नगासाठी प्रोग्रॅम कोण लिहीत बसणार?